शरणबसप्पांचं समतोल मंडळ

चिंचमळ गावात कुणाच्याही भिंतीवरचा फोटो फार दिवस वाकडा राहत नाही. शरणबसप्पा कधी ना कधी त्या घरी चहाला येतातच. बोलता बोलता उठतात, फोटोला एक बोट लावतात, दोन पावलं मागं सरून डोळा बारीक करून बघतात आणि कुणी विचारलेलं नसताना सांगतात, "आता बसलं." हार्डवेअरचं दुकान चालवून चालवून नजरच अशी झाली, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको इरम्मा हे मानत नाही. तिच्या मते हा आजार दुकानाच्या आधीचा आहे. लग्नात तिचं बाशिंग जरा तिरकं झालं होतं, तर नवरदेवानं सगळ्या पावण्यांदेखत हात घालून ते सरळ केलं होतं.

गवंडी भिंत सरळ आलीय का ते बघायला दोरीच्या टोकाला लोखंडी वजन सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. गावानं अप्पांचं नाव ओळंबा अप्पा ठेवलेलं. अप्पांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. दुकानात दोन गिऱ्हाइकांची बाचाबाची झाली की ते स्टूल उचलून बरोबर दोघांच्या मध्ये नेऊन ठेवत आणि त्यावर बसत. भांडण त्यानं मिटायचंच असं नाही, पण भांडणाऱ्यांना एकमेकांचं तोंड दिसेनासं व्हायचं. जोर निम्मा व्हायचा.

अशा माणसाच्या दुकानासमोरच तीन कुलपांचा हॉल असावा, हे त्यांच्या नशिबातच होतं.

भूकंपानंतर चिंचमळ नव्या जागेवर वसलं. रस्ते रुंद झाले, घरं ओळीत आली आणि मधोमध एक मोकळी जागा राहिली. पुष्कळ वर्षांनी त्या जागेवर गावाचं सभागृह उभं राहिलं. गाव त्याला हॉलच म्हणतं. रंग लागला, पंखे बसले, दारावर पंचायतीनं कुलूप घातलं. उद्घाटनाची तारीख ठरायच्या आत तालुक्याला कुणीतरी बांधकामाची तक्रार केली. चौकशीला साहेब आले, त्यांनी दुसरं कुलूप घातलं. चौकशी चालू असतानाच हॉलच्या मागं राहणाऱ्या दगडाबाईंनी कोर्टात दावा लावला. कोर्टानं सगळं जैसे थे ठेवायला सांगितलं आणि कोर्टानं नेमलेल्या कमिशनरनं तिसरं कुलूप घातलं. आता एकानं कुलूप काढायचं म्हटलं तर बाकीच्या दोघांचं निघत नव्हतं, आणि तिघंही आपापल्या जागी कायद्यानं बरोबर होते. गावची लग्नं हॉलसमोरच्या रस्त्यावर मांडव घालून लागत होती. वरात हॉलला वळसा घालून जायची.

तिन्ही कुलपं अप्पांच्याच दुकानातली. दर वेळी त्यांनी आधीच्यापेक्षा भारी कुलूप काढून दिलं होतं. "सरकारी काम हाय, हलकं नगा घेऊ," असं वर सांगून.

हॉलची खरी गरज होती इरम्माच्या बचत गटाला. बायका शेंगदाण्याची चटणी कुटून लोहाऱ्याला आणि उमरग्याला पाठवायच्या. उन्हाळ्यात शेवयाही करायच्या. सावलीची मोठी जागा मिळाली असती तर काम दुप्पट झालं असतं. इरम्मा रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर उभी राहून त्या बंद दाराकडं बघायची आणि मग नवऱ्याकडं बघायची. कुलपं जणू त्यांनीच घातली होती.

त्यांची मुलगी श्रीदेवी धाराशिवला कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. एका शनिवारी ती घरी आली आणि ओसरीवर बसून मोठ्यानं पाठ करू लागली. कायदे करणारं एक अंग, ते राबवणारं दुसरं, न्याय देणारं तिसरं. तिघांनी एकमेकांवर नियंत्रण ठेवायचं आणि समतोल राखायचा.

नट-बोल्ट निवडत बसलेल्या अप्पांचा हात थांबला.

"समतोल? आन् त्यो बघनारा कोन?"

"तेच बघतात, अप्पा. एकमेकांचा."

"म्हंजी भांडनारेच पंच?"

"भांडणारे नाहीत. कुणा एकाच्या हाती सगळं जाऊ नये म्हणून तशी रचना केलीय."

"रचना बेस हाय," अप्पा म्हणाले. "पर समोर बघ." आणि त्यांनी हॉलकडं बोट केलं.

"अप्पा, ग्रामपंचायत म्हणजे संसद नव्हे."

"बी ल्हानच असतंय," अप्पा म्हणाले आणि तिथंच त्यांच्याही डोक्यात एक बी पडलं.

आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकानं खिळे मागितले तर त्याला बिजागरी मिळू लागली. अप्पा सिमेंटच्या जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर देशासाठी एक नवी संस्था लिहीत होते. नाव ठरलं, राष्ट्रीय समतोल मंडळ. राज्यघटनेत दुरुस्ती करून ते नेमायचं. संसद, सरकार आणि न्यायालय यांचं एकमेकांत अडकलं की मंडळानं मध्ये पडायचं आणि निकाल द्यायचा. सभासद असे हवेत की ज्यांनी कधी निवडणूक लढवली नाही, सरकारी नोकरी केली नाही आणि कोर्टाची पायरी चढली नाही. अध्यक्ष शक्यतो व्यापारी असावा, कारण त्याला तराजूची सवय असते. मंडळाचा आदेश तिघांनीही पाळायचा, आणि त्यावर अपील नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी ते घरात वाचून दाखवलं. इरम्मा लसूण सोलत होती.

"निवडनूक न्हाय, नोकरी न्हाय, कोर्ट न्हाय," ती म्हणाली. "असं मानूस पाळन्यातच घावंल."

"ह्या अटींत बसणारा एक जण दिसतोय मला," श्रीदेवी म्हणाली.

"कोन गं?" अप्पांनी शक्य तितक्या निष्पाप चेहऱ्यानं विचारलं. मायलेकी इतक्या हसल्या की लसणाची सालं ओसरीभर उडाली. अप्पांनी कॅलेंडरांची गुंडाळी केली आणि ते दुकानात जाऊन बसले.

पण श्रीदेवीच्या मनात ती गोष्ट राहिली. योग असा की धाराशिवच्या काही वकिलांनी त्याच सुमारास एक चर्चासत्र ठेवलं होतं. राज्याच्या तिन्ही अंगांत तोल राखायला वेगळी घटनात्मक परिषद असावी की नसावी, हाच त्याचा विषय. नागरिकांनाही पाच-पाच मिनिटं बोलता येणार होतं. श्रीदेवीनं वडिलांचं नाव दिलं आणि मग फोन करून सांगितलं. 

"अप्पा? आहात ना?"

"हाय," अप्पा म्हणाले. "धोतर नेसू का पँट?"

लोहाऱ्याहून एसटी निघाली तेव्हा अप्पा खिडकीशी बसून ओठांतल्या ओठांत पहिलं वाक्य घोकत होते. इरम्मा बरोबर होती. तिला चटणीच्या पुड्यांसाठी जाड पिशव्या घ्यायच्या होत्या आणि नवरा भाषण करणार हेही बघायचं होतं. दोन्हींतलं महत्त्वाचं कोणतं ते तिनं सांगितलं नाही.

चर्चासत्राचे अध्यक्ष आण्णासाहेब नावाचे निवृत्त न्यायाधीश होते. पांढरेशुभ्र केस, हातात काठी, बोलणं हळू. अप्पांचं नाव पुकारलं गेलं. ते माईकपाशी गेले, माईक जरा डावीकडं कलला होता तो सरळ केला, आणि व्यासपीठाकडं वळून नमस्कार करायला लागले. तिथंच घोटाळा झाला. वर बसलेल्यांत एक प्राध्यापक, एक निवृत्त अधिकारी, एक माजी आमदार आणि न्यायाधीश होते. समतोलावर बोलायला आलेल्या माणसानं आधी नाव कुणाचं घ्यायचं? अप्पांनी एकदा डावीकडून सुरुवात केली, मग ते पक्षपाती वाटेल म्हणून उजवीकडून घेतली. त्यात माजी आमदारांचं नाव दोनदा आलं, म्हणून बाकीच्यांचीही दोनदा घेतली. हे आटोपेपर्यंत घंटा वाजली.

"बोलू द्या त्यांना," आण्णासाहेब म्हणाले.

मग अप्पा बोलले. हॉलचं सांगितलं, कुलपांचं सांगितलं. लोक हसले, पण आपुलकीनं. अप्पांना धीर आला. त्यांनी कॅलेंडरं उलगडली आणि समतोल मंडळ मांडलं. पुढच्या रांगेत बसलेल्या शिवांजली नावाच्या तरुण वकीलबाईंनी हात वर केला.

"काका, मंडळाचा आदेश सरकारनं नाही मानला तर?"

"मानावाच लागंल. तसं लिवलंय."

"न्यायालयाला तो घटनेविरुद्ध वाटला तर?"

"कोर्टाला त्यात हात घालता येनार न्हाय."

"आणि संसदेनं ठराव करून मंडळच मोडीत काढलं तर?"

"ते बी न्हाय चालनार," अप्पा ठासून म्हणाले. दरवाजा सगळीकडून बंद केल्याचा त्यांना अभिमान वाटत होता.

आण्णासाहेब पुढं वाकले. "म्हणजे शरणबसप्पा, तिघांच्या भांडणावर उपाय म्हणून तुम्ही तिघांच्या डोक्यावर एक मालक आणून बसवलात की."

सभागृहात मोठा हशा झाला.  अप्पांनी कॅलेंडरं गुंडाळली, पुन्हा एकदा सगळ्यांना नमस्कार केला, या वेळी एकत्रच, आणि ते मागं इरम्माशेजारी जाऊन बसले. इरम्मानं पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली.

चहाच्या वेळी आण्णासाहेब स्वतः कप घेऊन त्यांच्यापाशी आले. अप्पा उठायला लागले तसं त्यांनी खांद्यावर हात ठेवून बसवलं.

"राग आला का?"

"न्हाय साहेब. जरा वशाळलो."

"तुमचा हेतू वाईट नाही. एकाला दुसऱ्याला अडवता यावं, ही सोय मुद्दाम ठेवलेली असते. कधीकधी त्यात गाडी रुतते, हेही खरं. बरं, मला एक सांगा. त्या बाईंनी दावा का लावला?"

"दगडाबाईंनी? त्येंना हॉल नको हाय."

"का नको?"

 चार वर्षं हॉल अप्पांच्या डोळ्यांसमोर होता. तिन्ही कुलपांच्या किल्ल्यांचे नंबर त्यांना आठवत होते. पण दगडाबाईंना हॉल का नको, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी इरम्माकडं पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं. गावात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की म्हातारी वाईट आहे.

"इचारलं न्हाय, साहेब," ते म्हणाले.

 चहा गार होतोय, एवढंच आण्णासाहेब म्हणाले.

 परतीच्या एसटीत इरम्मानं पिशव्या चांगल्या मिळाल्याचं सांगितलं, अप्पांनी हूं केलं. समोरच्या सीटचं कव्हर तिरकं झालेलं होतं. त्यांनी ते तसंच राहू दिलं. तेव्हा मात्र इरम्माला काळजी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा हॉलच्या मागच्या बाजूला गेले. दगडाबाई अंगणात तुरीच्या काड्या मोडत बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचं, आवाज मात्र पंचविशीतला.

"कोन? वळंबा?" त्या म्हणाल्या. "काय मोजाया आलास?"

"मोजाया न्हाय, काकू. इचाराया आलो. हॉल का नको तुमास्नी?"

 दगडाबाईंनी अप्पांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हाल नको म्हनून कोन म्हनलं? म्या म्हनलं व्हय?"

"मग दावा?"

"ये हिकडं."

त्या अप्पांना घराच्या मागच्या भिंतीकडं घेऊन गेल्या. भूकंपानंतर मिळालेलं दोन खोल्यांचं घर ते. हॉलच्या छपराचं सगळं पाणी एका आखूड पन्हळीतून थेट त्या भिंतीवर कोसळत होतं. भिंतीला पोट आलं होतं, पोपडे सुटले होते, आत चुलीमागं बुरशी चढली होती. पावसाळ्यात त्या बाजूला चूल पेटत नव्हती.

"पंचायतीत गेले, तर म्हनले ठेकेदाराला सांगा. ठेकेदार म्हनला साह्येबाला सांगा. साह्येबाकडं अर्ज दिला तर त्येनी हालाला कुलूपच घातलं. म्या कुलूप मागितलं व्हतं का? मग भाचा म्हनला, कोर्टात जा. कोर्टानं म्हनलं जसं हाय तसं ऱ्हाऊ द्या. आता पानी बी जसं हाय तसंच पडायलंय."

अप्पांनी भिंतीला हात लावला. ओळंबा लावायची गरजच नव्हती, फुगवटा नुसत्या डोळ्यांना दिसत होता. गावातल्या दर घरचा फोटो सरळ करणाऱ्या माणसाच्या दुकानापासून ही भिंत हाकेच्या अंतरावर होती.

"एक पाइप लागंल फकस्त," ते हळूच म्हणाले. "कोपऱ्यापस्तोर वळवला की पानी गटारीत."

"मला कशाला सांगतोस? त्येंला सांग," दगडाबाई म्हणाल्या आणि पुन्हा काड्या मोडायला बसल्या. पण त्यांनी अप्पांना चहा दिला. चार वर्षांत त्या घरात असा पाहुणा आला नव्हता.

एवढं झाल्यावर दुसरा कुणी सरळ सरपंचाकडं गेला असता. अप्पांना वाटलं, आपल्या मंडळाची पहिली बैठक घ्यायची हीच वेळ. त्यांनी ती रविवारी, आपल्या घरी, जेवणासकट ठरवली. सरपंच योगीराजला बोलावलं. गावचं दप्तर सांभाळणारा ग्रामसेवक रणधीर, जो तालुक्याच्या वतीनं बोलू शकला असता, त्याला बोलावलं. दगडाबाई दोनदा नाही म्हणाल्या, पण इरम्मा स्वतः गेल्यावर तयार झाल्या. राहिलं कोर्ट. अप्पांनी श्रीदेवीला फोन लावला.

"जज्जसाह्येबाला काय चालतं गं? गव्हाची गोड हुग्गी चालंल का?"

"अप्पा!" श्रीदेवी एवढ्या मोठ्यानं ओरडली की अप्पांनी फोन कानापासून लांब धरला. "ज्या कोर्टात दावा चालू आहे त्या कोर्टाला जेवायला बोलवायचं नसतं!"

"मग तिसऱ्या अंगाचं कसं करायचं?"

"ते अंग त्याच्या जागेवर राहू द्या. ह्यांचं आपसांत जुळलं तर लोकअदालतीत रीतसर तडजोड मांडता येते. पण जज्जसाहेबांच्या घराकडं फिरकूसुद्धा नका. शपथ घ्या."

अप्पांनी शपथ घेतली. पण मनाला पटेना, म्हणून रविवारी त्यांनी चार पाट मांडले आणि एक रिकामा ठेवला.

"हे कुनाचं?" योगीराजनं विचारलं.

"न्यायसंस्थेचं," अप्पा म्हणाले.

"न्यायसंस्थेनं सकाळधरनं चुलीपुढं उभं ऱ्हाऊन सैपाक केलाय," इरम्मा म्हणाली आणि त्या रिकाम्या पाटावर स्वतःचं ताट घेऊन बसली.

अप्पा अध्यक्ष. त्यांनी नियम सांगितले. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सगळ्यांना सारखा वेळ. मग त्यांनी दगडाबाईंच्या भिंतीचं सगळं मांडलं, आणि खरोखर चांगलं मांडलं. योगीराजची मान खाली गेली. तो सरपंच होऊन वर्षच झालं होतं. मागचं भांडण आपलं नाही म्हणून त्यानं तिकडं पाहिलंच नव्हतं. रणधीरनंही कबूल केलं की तालुक्याच्या चौकशीत अडकलेला मुद्दा हा पाण्याचाच आहे. इतकं झाल्यावर अप्पांनी थांबायला हवं होतं. पण अध्यक्षाच्या खुर्चीवर, म्हणजे खरं तर घरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, बसल्यावर माणसाला थांबता येत नाही.

"मंडळाचा आदेश," अप्पा म्हणाले. "उद्या सकाळी म्या माझ्या दुकानातला पाइप फुकट बसवनार. मंग दगडाबाईनं दावा काढायचा आन् तुमी कुलपं काढायची. इषय संपला."

योगीराजनं घास खाली ठेवला. "अप्पा, असं कसं? पंचायतीच्या इमारतीला तुमी परस्पर हात लावनार? उद्या लोक म्हनतील सरपंचानं दुकानदाराकडनं फुकट माल घेतला."

"आणि जैसे थे आदेश चालू असताना पाइप बसवला तर तो आदेशाचा भंग होईल," रणधीर म्हणाला. "देणगी घ्यायची तर ठरावही लागतो."

"मला कुनाचं फुकट नको," दगडाबाईंनी आवाज चढवला. "म्या काय भिकारीन हाय? ज्येची चूक त्येनं नीट करून द्यावं."

"आवो पर आदेश…"

"कुनाचा आदेश?" तिघंही एकदमच बोलले.

 मग इरम्मा शांतपणे म्हणाली, "चार वर्सांत पयल्यांदाच तिघं एका बाजूला आले बघा. तुमच्या इरोधात."

योगीराजला हसू आवरलं नाही. रणधीरला ठसका लागला. दगडाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. अप्पा मात्र उठले आणि परसात जाऊन उभे राहिले. त्यांना खरंच लागलं होतं. एवढं सगळं आपण जुळवून आणलं, आणि वर हसं झालं ते आपलंच. आण्णासाहेबांचा तो मालक शब्द त्यांना आठवला. इथं तर मालकाचा माल फुकट असूनही कुणी घेईना.

थोड्या वेळानं इरम्मा हुग्गीचं पातेलं घेऊन मागच्या दारात आली. "वाढायला मानूस न्हाय," ती म्हणाली. "माझा हात दुखायलाय." तिचा हात दुखत नव्हता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी पातेलं घेतलं.

आत गेले तर त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. अध्यक्षाची खुर्ची रिकामी होती आणि बोलणं भराभर पुढं गेलं होतं. पंचायतीच्या सभेत ठराव घ्यायचा, कोर्टाची परवानगी मिळाली की पाइप आणि भिंतीची दुरुस्ती पंचायतीनं करायची, दगडाबाईंनी लोकअदालतीत तडजोड द्यायची, रणधीरनं दोष दूर झाल्याचा अहवाल तालुक्याला पाठवायचा. अप्पा पंगतीतून फिरत हुग्गी वाढत राहिले. मध्ये एकदा त्यांना एक सूचना सुचली. त्यांनी तोंड उघडलं, इरम्माकडं पाहिलं, आणि सूचनेऐवजी दगडाबाईंच्या ताटात तुपाची धार सोडली.

"बास, बास," दगडाबाई म्हणाल्या. "आता कसा मानसावानी वाढायलास."

पुढचं सगळं सावकाशच झालं. एक सभा कोरमअभावी पुढं गेली. लोकअदालतीच्या दिवशी दगडाबाईंनी तडजोडीचा कागद तीनदा वाचून घेतला आणि मगच अंगठा उमटवला. पाइप पंचायतीनं रीतसर दरपत्रकं मागवून दुसऱ्याच दुकानातून घेतला, कारण अप्पांचं दरपत्रक महाग निघालं. हे अप्पांना बरेच दिवस खटकलं. आधी कोर्टाच्या हुकमानं एक कुलूप निघालं, मग तालुक्याचं. शेवटी पंचायतीचं तेवढं राहिलं आणि तेच गंजून बसलं होतं. अप्पा दुकानातून करवत घेऊन धावले, तर रणधीरनं त्यांना हातानं अडवलं. आधी पंचनामा. पंचनाम्यावर साक्षीदार म्हणून सही अप्पांचीच झाली.

हॉल उघडला त्या आठवड्यात बचत गटाच्या बायका आत शिरल्या. शेवयांची मशीन एका बाजूला, चटणीचं काम दुसऱ्या बाजूला. दगडाबाई रोज येऊन शेवया वाळत घालायच्या दोऱ्यांवर देखरेख करू लागल्या. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि कुणी नको म्हणायच्या भानगडीतही पडलं नाही. अप्पांनी गटाला सुचवलं की कामाच्या वाटणीवर लक्ष ठेवायला एखादा सल्लागार असावा. बायकांनी तिथल्या तिथं बैठक घेतली आणि आभार मानून सूचना फेटाळली. बैठकीची अध्यक्ष इरम्माच होती.

समतोल मंडळ अप्पांनी सोडलं असेल असं कुणाला वाटत असेल तर त्यानं अप्पांना ओळखलं नाही. कॅलेंडरांच्या पाठी भरतच होत्या. पण आदेशाचं कलम त्यांनी खोडलं. अपील नाही हेही खोडलं. आता मंडळाला कुणालाही हुकूम देता येत नव्हता. ज्याचं अडलंय त्याच्या घरी जायचं, विचारायचं, आणि जे ऐकलं ते तिन्ही अंगांपुढं जाहीर वाचायचं, एवढाच अधिकार राहिला. अध्यक्ष व्यापारी असावा हे कलम मात्र होतं तिथंच होतं.

त्या वर्षी श्रीदेवीच्या कॉलेजात निबंधस्पर्धा झाली. तिनं तिन्ही अंगांवरच्या घटनात्मक परिषदेवरच लिहिलं आणि तिला दुसरं बक्षीस मिळालं. निबंध घरी आला तेव्हा अप्पांनी चष्मा लावून तो पहिल्यापासून वाचला. दोन पानं त्यांच्याच मंडळावर होती. नाव न घेता, पण मुद्दा एकही न सोडता तिनं ती कल्पना मोडून काढली होती. आदेश देणारं मंडळ चौथी सत्ता होईल, आदेश न देणाऱ्याचं कुणी ऐकणार नाही, आणि असली मंडळं भली माणसं मिळतील या भरवशावर उभी असतात.

"अप्पा, राग नाही ना आला?" तिनं दारातून विचारलं.

 अप्पा लोहाऱ्याला गेले, निबंधाला प्लॅस्टिक चढवून आणलं आणि दुकानात गल्ल्याच्या वर लावलं.

आता चिंचमळला कुणी खिळे घ्यायला गेलं तर लवकर सुटका होत नाही. अप्पा आधी त्याला निबंधाकडं वळवतात आणि दुसऱ्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवतात. "हितनं वाच. हितं माझ्या लेकीनं मला पार आडवं केलंय." गिऱ्हाईक अडखळत वाचू लागलं की त्यांना राहवत नाही. मग ते स्वतःच मोठ्यानं, एकेक शब्द तोलून, शेवटपर्यंत वाचून दाखवतात.